धुके की धूर? गावचा कचरा आणि गावची हवा

जानेवारी महिन्यातील एका सकाळी दौऱ्याच्या निमित्ताने नेवासा तालुक्यातील एका गावी जाण्याचा योग आला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत प्रार्थना नुकतीच संपली होती. मैदानावर करड्या रंगाचा एक थर जमिनीलगत पसरलेला दिसत होता. "आज धुके बरेच पडले आहे," असे प्रस्तुत लेखक सहज म्हणाला. मुख्याध्यापकांनी काही न बोलता कुंपणाच्या पलीकडे बोट दाखविले. तेथे ओढ्याच्या काठी गावचा कचरा धुमसत होता. चौथीच्या वर्गातील एका मुलाला विचारले, तर तोही म्हणाला, "धुकं आहे. रोजच असतं."

मुलाचे हे उत्तर आजही मनातून जात नाही. जन्मल्यापासून जो धूर दिसत आला, तो त्याच्या लेखी ऋतुमानाचा भाग झाला होता.

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची वाहने, चंद्रपूरचे वीजकेंद्र किंवा रासायनिक कारखान्यांची धुराडी उभी राहतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाचा भरही शहरांवरच राहिला. खेड्यात हवा मोजण्याचे यंत्र सहसा नसते आणि जे मोजले जात नाही ते नाही, असे मानण्याची सवय आपणां सर्वांना आहे. वास्तविक अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंत ज्याचे नाव अहमदनगर असे होते) क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती व त्यातील सुमारे चार-पंचमांश लोक ग्रामीण भागात राहत होते. एवढ्या लोकांच्या घरांतून निघणारा कचरा कोठे जातो, हा प्रश्न केवळ स्वच्छतेपुरता राहिलेला नाही.

उकिरड्याचे बदललेले रूप

जुन्या गावगाड्यात कचरा हा शब्द होता, परंतु आजच्या अर्थाने कचरा जवळजवळ नव्हता. खरकटे व भाजीचे देठ जनावरांपुढे जात. चुलीतील राख भांडी घासण्यास व परसातील वेलांना उपयोगी पडे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, त्याहून जीर्ण कापडाची चिंधी होई, आणि उरलेले कपडे बोहारणीच्या टोपलीत जाऊन घरात एखादे पातेले येई. लोखंड, काच, पितळ यांची मोड गोळा करणारा दारावर येतच असे. शेण, गोठ्यातील केर व पालापाचोळा उकिरड्यावर पडे आणि वैशाखात तोच उकिरडा गाडीत भरून शेतावर जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी म्हण आपल्याकडे आहे. शेतकऱ्याच्या उकिरड्याची दैना तर दरवर्षी फिटत असे.

आज त्याच उकिरड्याजवळ उभे राहून पाहावे. शेणात कॅरीबॅगा गुंतलेल्या असतात. वेफर्सच्या व गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुडक्या, थर्मोकोलच्या पत्रावळी, लहान मुलांचे डायपर, संपलेले सेल, फुटलेल्या ट्यूब, कीटकनाशकांचे रिकामे डबे असा सर्व संसार तेथे एकत्र आलेला असतो. असे खत शेतात पसरले की नांगराच्या फाळाला प्लॅस्टिक गुंडाळते. म्हणून शेतकरी ते खत घेत नाही, उकिरडा वाढत जातो आणि एके दिवशी कोणीतरी त्यास काडी लावतो. ती काडी कोणी लावली हे गावात कधीच कोणास ठाऊक नसते.

महाराष्ट्र शासनाने २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियमाखाली मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्या व थर्मोकोलच्या एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी घातली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापराच्या निवडक प्लॅस्टिक वस्तू देशभर निषिद्ध केल्या. या बंदीचा काही परिणाम निश्चितच दिसला. परंतु वेष्टनाच्या पुड्या बंदीच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि गावच्या कचऱ्यात आज सर्वाधिक त्रासदायक भाग याच पुड्यांचा आहे. प्लॅस्टिकचे दोन-तीन थर व मध्ये धातूचा पातळ मुलामा अशी त्यांची रचना असल्याने भंगारवालाही त्या घेत नाही.

जळते म्हणजे नाहीसे होते काय?

कचरा जाळणाऱ्याची समजूत साधी असते. समोर ढीग होता, आता मूठभर राख आहे. म्हणजे ढीग संपला. प्रत्यक्षात ढिगाने फक्त जागा बदललेली असते. जो ओढ्याच्या काठी होता, तो आता हवेत आहे.

कोणताही पदार्थ पूर्णपणे जळण्यास भरपूर उष्णता व भरपूर प्राणवायू लागतो. कचरा शास्त्रीय पद्धतीने जाळावयाच्या भट्टीत ८५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान राखावे लागते. उघड्यावरील ओलसर ढीग याच्या कितीतरी खाली धुमसत राहतो. अशा अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, काजळी व अर्धवट जळालेले अनेक सेंद्रिय पदार्थ बाहेर पडतात. थर्मोकोलमधून स्टायरीन निघते. टायरच्या तुकड्यांतून काजळीबरोबर गंधकाचा वायू निघतो. पी.व्ही.सी. या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकचे पाइप, रेक्झिन किंवा वायरीचे आवरण त्या ढिगात असेल, तर डायॉक्सिन गटातील द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये इतकी चिवट आहेत की त्यांना आळा घालण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व भारताने २००६ मध्ये त्यास मान्यता दिली. ती गवतावर व चाऱ्यावर बसतात, जनावराच्या पोटात जातात आणि स्निग्धांशात साठत असल्याने दुधात उतरतात. आपला जिल्हा दुधाचा जिल्हा आहे. तेव्हा गायरानाच्या कडेला कचरा जाळणाऱ्या गावाने ही साखळी लक्षात घेतलेली बरी.

धुरातील सूक्ष्म कण हा दुसरा धोका होय. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पी.एम. २.५ असे म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण केसाच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातील केस व चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व काही रक्तातही जातात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. दोन आकड्यांतील हे अंतर पाहता, मानकाच्या आत असलेली हवा निर्धोक आहे असे समजून चालणार नाही, हे उघड आहे.

आता त्या शाळेतील "धुक्या"कडे वळू. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते व तिच्यालगतचा हवेचा थर वरच्या थरापेक्षा अधिक गार राहतो. गार हवा जड असल्याने वर चढत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा वरचा उबदार थर तिला दाबून धरतो. उन्हाळ्याच्या दुपारी जो धूर पाच मिनिटांत विरून जाईल, तोच डिसेंबर-जानेवारीत सूर्य चांगला वर येईपर्यंत माणसाच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. नेमक्या याच वेळी झाडलोट होते, ढीग पेटतात आणि मुले शाळेला निघतात. मुलांचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, ही गोष्टही विसरता येत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच घडले की काय होते, ते मुंबईने जानेवारी २०१६ मध्ये पाहिले. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनार येथील कचराभूमीस आग लागली आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसण्याइतका पसरला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारची बातमी झाली. ओढ्याकाठच्या ढिगाची होत नाही, एवढाच फरक.

बंब, चूल आणि उसाचा फड

सार्वजनिक ढिगाविषयी बोलणे सोपे असते, कारण तो कोणाचाच नसतो. परंतु घरातील बंबाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आंघोळीचे पाणी तापविण्याचा तांब्याचा किंवा पत्र्याचा बंब आपल्या भागात अजून अनेक अंगणांत आहे. लाकूड दुर्मिळ झाले तसे या बंबात चिपाडाबरोबर दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला, सायकलच्या टायरचे तुकडे व रबरी नळ्या जाऊ लागल्या. "लवकर पेट घेते" हे त्याचे समर्थन. हा धूर अंगणात, खिडकीच्या खाली व बहुधा घरातील लहान मुलाच्या शेजारी निघतो. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकघरातील धूर पुष्कळ कमी झाला, हे मान्य करावयास हवे. अंगणातील बंबाकडे मात्र कोणत्याच योजनेचे लक्ष गेलेले नाही.

शेतातील जाळणीचेही तसेच आहे. प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या या जिल्ह्यात ऊसतोडणीनंतर रात्री पाचटाचे फड पेटलेले दिसतात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात साधारणपणे अर्धा टक्का नत्र असते. हिशेब केला तर हेक्टरी सुमारे ४० ते ५० किलो नत्र, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोणी युरियाइतके नत्र, शेतकरी एका रात्रीत हवेत सोडतो व दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानात रांगेत उभा राहतो. याच जिल्ह्यात राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. पाचट न जाळता सरीत आच्छादावे आणि त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरावे, असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. ते कुजण्यास काही महिने लागतात, हे खरे. पण तेवढा काळ जमिनीतील ओल टिकते, आणि अवर्षणप्रवण भागात या ओलीचे मोल निराळे सांगावयास नको.

शिक्षकांसाठी

पर्यावरणाचा धडा पाठ करून घेण्यापेक्षा पुढील प्रयोग वर्गात केल्यास विद्यार्थी अधिक शिकतील असे वाटते. यांस खर्च जवळजवळ नाही.

पांढऱ्या जाड कागदाच्या चार पट्ट्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. एक शाळेच्या व्हरांड्यात, एक रस्त्याच्या कडेला, एक कचऱ्याच्या ढिगाच्या दिशेने व एक वर्गाच्या कपाटात, अशा त्या दिवसभर टांगून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिल्यावर कोणत्या पट्टीवर किती काळे कण चिकटले, ते मुलांनी स्वतःच मोजावे. अतिसूक्ष्म कण भिंगातून दिसणार नाहीत, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे. जे दिसते ते मोठे आणि तुलनेने कमी घातक आहे, हे ऐकून मुले थक्क होतात.

दुसरा प्रयोग जमिनीचा. शाळेच्या आवारात हातभर खोल खड्डा करून केळीची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, कॅरीबॅग आणि बिस्किटाची पुडी निरनिराळ्या कोपऱ्यांत पुरावी, ओल राखावी व दोन महिन्यांनी उकरावे. मुलांना पुढे फार काही सांगण्याची गरज उरत नाही. याशिवाय आठवडाभर आपापल्या घरचा ओला व सुका कचरा वेगवेगळा तोलून त्याचा तक्ता करणे, हा गणिताच्या तासाचा उत्तम विषय आहे. हे तक्ते ग्रामपंचायतीसही उपयोगी पडतील, कारण किती कचरा निघतो याचा अंदाज नसतानाच पुष्कळदा घंटागाडी खरेदी केली जाते.

गावात सांगावयाचे कोणी, हाही प्रश्न आहेच. या बाबतीत जामखेडचे उदाहरण आठवते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळाला काय भरवावे हे शहरातून आलेल्या डॉक्टरने सांगण्यापेक्षा शेजारच्या गल्लीतील बाईने सांगितलेले आईला अधिक पटते, हा त्या कामाचा अनुभव होता. बंबात चप्पल घालू नये, हेही भित्तिपत्रकाने सांगून होणार नाही. ते बचत गटातील एखाद्या बाईने शेजारणीच्या अंगणात बसून सांगावे लागेल.

ग्रामसभेतील एक प्रश्न

कायद्यांची उणीव नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ पासून आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने साध्या जाळणीस ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावरील जाळणीस २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले व भूमी, जल, अग्नी आणि आकाशाबरोबर वायूलाही गुण मिळू लागले. अभियानाच्या मुदतीत भिंती उत्तम रंगतात. भिंतीमागे काय होते, ते पुढील प्रसंगावरून कळेल.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या गावी त्याच महिन्याच्या २६ तारखेस ग्रामसभा होती. मुख्याध्यापकांनी धुराचा विषय मांडला. सदस्यांनी त्यास पाठिंबा दिला आणि कचरा जाळणाऱ्यास दंड करावा, असा ठराव एकमताने होण्याच्या बेतात होता. तेवढ्यात मागे बसलेली झाडलोटीचे काम करणारी बाई उठली. "जाळू नको म्हणता, जाळत नाही. मग टाकू कुठं, तेवढं सांगा," असे ती म्हणाली. सभेत कोणाजवळही उत्तर नव्हते. ढीग पेटविण्याचे काम तीच करीत होती आणि सर्वांत जास्त धूरही तिच्याच छातीत जात होता. दंडाचा ठराव झाला असता तर त्याचा पहिला बळी तीच ठरली असती.

याच जिल्ह्यात बंदी यशस्वी झाल्याची दोन थोर उदाहरणे आहेत, म्हणून या प्रश्नाचा विचार अधिक नीट व्हावयास हवा. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या प्रेरणेने नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान ही पंचसूत्री रुजली व तिच्या आधारे राज्याची आदर्श गाव योजना १९९२ मध्ये आकारास आली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार १९९४ मध्ये या योजनेत आले आणि श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्याने आपली कीर्ती केली. श्री. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पाहुणे मंडळी या गावांतून "बंदी" हा शब्द तेवढा घेऊन परत जातात. चराईबंदी टिकली ती केवळ धाकाने नव्हे. डोंगरावर जनावर सोडावयाचे नाही, परंतु विळ्याने गवत कापून आणावयास मुभा आहे, अशी सोय तेथे केलेली होती. गोठ्यातील जनावर उपाशी राहिले असते, तर एका हंगामातच बंदी मोडली असती. राळेगणमध्ये शौचालये गोबरगॅस संयंत्रास जोडली गेली, तेव्हाही घाण कोठे जाणार याचे उत्तर आधी देण्यात आले होते.

कचरा-जाळबंदी करू इच्छिणाऱ्या गावानेही प्रथम त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. यासाठी निधीचा मार्ग होता व आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२० च्या सूचनांनुसार) ५,००० पर्यंत लोकवस्तीच्या गावास घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपये व त्याहून मोठ्या गावास ४५ रुपये ठरविण्यात आले. दोन हजार वस्तीच्या गावास याप्रमाणे १ लाख २० हजार रुपये होतात. रक्कम मोठी नाही. मात्र ती गाडीच्या खरेदीतच संपविली तर काहीच उरत नाही.

ओल्या कचऱ्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे तथा नाडेप काका यांनी शोधलेली टाकी आजही सर्वांत सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे बांधकाम करावयाचे आणि भिंतींत हवेसाठी झरोके ठेवावयाचे. सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व १,७५० किलो चाळलेली माती यांचे थर भरून वरून शेणमातीने लिंपावयाचे. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते. मूठभर शेणात एवढा कचरा कुजतो, हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य. ज्या घरी गोठा आहे, तेथील ओला कचरा सहसा घराबाहेर येतच नाही. प्रश्न असतो तो बाजारपेठेचा, खानावळींचा, आठवडे बाजाराचा व गोठा नसलेल्या घरांचा. तेवढ्यापुरती मोजणी केल्यास टाक्या किती लागतील हे ठरविता येते.

सुक्या कचऱ्याला भंगारवाल्यासारखा दुसरा मित्र नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली, तेव्हा या माणसांच्या कामाची किंमत शहरास प्रथम कळली. गावात येणाऱ्या भंगारवाल्यास ग्रामपंचायतीने ठराविक वार व कोरडी जागा दिली, तर त्याचे श्रम वाचतात आणि गावचा ढीग निम्म्यावर येतो. सेल, ट्यूब व कीटकनाशकांचे डबे मात्र यापासून अलग, कुलपाच्या पेटीत ठेवावेत.

त्या ग्रामसभेत अखेर दंडाचा ठराव झाला नाही. त्याऐवजी झाडलोटीच्या बाईला बरोबर घेऊन जागा पाहण्याचे ठरले. दीड वर्षानंतर पुन्हा तेथे जाणे झाले. दोन नाडेप टाक्या बांधलेल्या होत्या. एक भरून लिंपलेली व दुसरी अर्धी भरलेली. बंद पडलेल्या कोंडवाड्यावर पत्रे टाकून तेथे बाटल्या, पुठ्ठे व पत्रा निराळा ठेवला होता आणि शनिवारी भंगारवाला येत होता. आलेली रक्कम त्या बाईला मिळावी, असे पंचायतीने ठरविले होते. वेफर्सच्या पुड्यांची पोती कोंडवाड्याच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. त्यांना गिऱ्हाईक नाही, तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्राकडे नेण्यास वाहन नाही. ओढ्याकाठचा ढीग अजून महिन्यातून एखादे वेळी पेटतो, असे मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितले. मात्र आता पेटला की पाचवीतील मुले कार्यालयात येऊन तक्रार करतात, आणि धुके पडले आहे असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही.